पाय कापला, तरी बोटं का दुखतात? फँटम पेनपासून जयपूर फूट आणि बायोनिक हातापर्यंत सगळं काही

गुडघ्याखालचा पाय शस्त्रक्रियेनं काढून टाकलाय. जखम भरलीय, टाके निघालेत. तरी रात्री झोपेतून जाग येते, कारण त्या नसलेल्या पायाची बोटं कुणीतरी पिरगाळतंय असं वाटतं. हात लावून दाबायला जावं, तर तिथे फक्त चादर असते.

अनेक रुग्ण हे दुखणं कुणालाच सांगत नाहीत. सांगितलं तर घरचे म्हणतील 'मनाचे खेळ आहेत', शेजारचे म्हणतील 'डोक्यावर परिणाम झालाय', ही भीती असते. पण हे वेड नाही आणि नाटकही नाही. वैद्यकशास्त्रात याला 'फँटम पेन' म्हणतात. म्हणजे जो अवयव आता शरीरावर नाही, त्याच अवयवात होणाऱ्या वेदना. वेगवेगळ्या अभ्यासांनुसार, अवयव गमावलेल्या साधारण ५० ते ८० टक्के लोकांना हा त्रास कधी ना कधी होतो.

मग हा त्रास नेमका होतो कसा? त्यावर उपाय काय? आणि कृत्रिम हात-पायांचं तंत्रज्ञान आज कुठवर पोहोचलंय? समजून घेऊया.

हात किंवा पाय कापावाच का लागतो?

अवयव कापण्याच्या शस्त्रक्रियेला 'अँप्युटेशन' म्हणतात. डॉक्टर हा निर्णय शेवटचा पर्याय म्हणून घेतात. त्या भागाचा रक्तपुरवठा कायमचा थांबला असेल, जंतुसंसर्ग अंगभर पसरून जीव जाण्याची भीती असेल, हाडाचा कॅन्सर असेल किंवा अपघातात अवयव वाचवण्यापलीकडे चिरडला असेल, तर ही वेळ येते.

अपघात म्हटलं की आपल्याला रेल्वे आणि रस्ते आठवतात. पण ग्रामीण भागात कडबाकुट्टी, मळणी यंत्र आणि उसाचा चरक ही यंत्रंही हातांसाठी तितकीच धोकादायक आहेत. बाही किंवा पदर अडकतो आणि क्षणात हात आत ओढला जातो.

दुसरं मोठं कारण आहे मधुमेह. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायातल्या नसा बधिर होतात आणि रक्तवाहिन्या अरुंद होतात. मग चप्पल चावली, खडा टोचला, तापलेल्या फरशीवर पाय भाजला, तरी कळत नाही. दुखतच नाही म्हणून दुर्लक्ष होतं. छोटी जखम चिघळते, बोट काळं पडतं आणि गँगरीन होतं. मधुमेहामुळे पाय कापावा लागणाऱ्या बहुतांश रुग्णांची सुरुवात अशाच एका साध्या जखमेपासून झालेली असते. म्हणूनच मधुमेहींनी रोज रात्री तळपाय पाहावेत, स्वतःला दिसत नसेल तर खाली आरसा धरावा आणि अनवाणी चालणं टाळावं, असं डॉक्टर सांगतात.

अवयव तुटला, तर पहिल्या काही मिनिटांत काय करायचं?

तुटलेलं बोट किंवा हात प्रत्येक वेळी वाया जात नाही. योग्य वेळेत पोहोचलं तर तो पुन्हा जोडता येऊ शकतो. त्यासाठी:

- आधी रक्तस्राव थांबवा. जखमेवर स्वच्छ कापड ठेवून घट्ट दाब द्या.
- तुटलेला भाग स्वच्छ, ओलसर कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा आणि पिशवीचं तोंड बंद करा.
- ही पिशवी बर्फ आणि पाणी असलेल्या दुसऱ्या पिशवीत किंवा डब्यात ठेवा.
- तुटलेला भाग थेट बर्फावर ठेवू नका आणि पाण्यात बुडवूनही ठेवू नका. त्यानं पेशी खराब होतात.

हाताच्या वरच्या भागात स्नायू जास्त असतात आणि स्नायू रक्ताविना फार काळ तग धरत नाहीत. त्यामुळे मोठा अवयव असेल तर साधारण ६ तासांच्या आत शस्त्रक्रिया सुरू होणं महत्त्वाचं असतं.

नसलेल्या पायाच्या वेदना जगाला कळल्या कशा?

सोळाव्या शतकात आम्ब्र्वाज पारे नावाचे फ्रेंच लष्करी शल्यचिकित्सक होते. रक्त थांबवण्यासाठी तापलेल्या लोखंडानं डागण्याऐवजी रक्तवाहिन्या दोऱ्यानं बांधण्याची पद्धत त्यांनी रूढ केली. त्यामुळे अवयव कापलेले सैनिक जगू लागले. आणि जगलेले सैनिक कापलेल्या पायात दुखतंय, अशी तक्रार करू लागले. पारे यांनी ती लिहून ठेवली.

पण त्याला नाव मिळायला आणखी ३०० वर्षं लागली. अमेरिकेच्या यादवी युद्धात हजारो सैनिकांचे हात-पाय कापावे लागले. त्यांच्यावर उपचार करणारे फिलाडेल्फियाचे डॉक्टर सायलस वेअर मिचेल यांनी १८७१ मध्ये या अनुभवासाठी 'फँटम लिंब' हा शब्द वापरला. फँटम म्हणजे भूत किंवा आभास.

गंमत म्हणजे, याच मिचेल यांनी १८६६ मध्ये या विषयावर आधी एक काल्पनिक कथा लिहिली होती. दोन्ही हात आणि दोन्ही पाय गमावलेल्या एका सैनिकाची ती गोष्ट एका मासिकात निनावी छापून आली. वाचकांना ती इतकी खरी वाटली की काही जण त्या सैनिकासाठी मदत घेऊन हॉस्पिटल शोधत आले, असं सांगितलं जातं.

मेंदूत नेमकं काय होतं?

आपल्या मेंदूत संपूर्ण शरीराचा एक नकाशा असतो. हाताला काही लागलं की मेंदूतला हाताचा भाग जागा होतो, पायाला लागलं की पायाचा. कॅनडातले न्यूरोसर्जन वाइल्डर पेनफिल्ड यांनी जागे असलेल्या रुग्णांच्या मेंदूला सौम्य विद्युत स्पर्श करून १९३० च्या दशकात हा नकाशा मांडला. त्यात एक विचित्र गोष्ट आहे. ओठ आणि बोटं यांना या नकाशात सगळ्यात जास्त जागा मिळते, आणि हाताचा भाग चेहऱ्याच्या भागाला लागून असतो.

आता पाय कापला, तर पाय जातो. पण मेंदूतला त्याचा नकाशा पुसला जात नाही. शिवाय कापलेल्या नसांची टोकं वाढून तिथे गाठी तयार होतात. त्यांना न्यूरोमा म्हणतात. या गाठी अधूनमधून चुकीचे संदेश वर पाठवत राहतात. मज्जारज्जूही त्या संदेशांना जास्त संवेदनशील होतो. मेंदूला वाटतं, पाय दुखतोय.

इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा. अवयव अजून आहे असं वाटणं, त्याला खाज येणं, तो हलवता येतोय असं वाटणं, याला 'फँटम सेन्सेशन' म्हणतात. ते जवळपास सगळ्यांनाच जाणवतं आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. त्याच जागी आग होणं, वीज चमकल्यासारखी कळ येणं, मूठ आवळली जाऊन नखं रुतताहेत असं वाटणं, याला 'फँटम पेन' म्हणतात. आणि कापल्यानंतर उरलेल्या भागातच दुखत असेल, तर ते 'स्टंप पेन'. त्यामागे जंतुसंसर्ग, न्यूरोमा किंवा नीट न बसणारा कृत्रिम पाय असू शकतो. तिन्हींवरचे उपचार वेगळे असतात, म्हणून नेमकं कुठे आणि कसं दुखतंय हे डॉक्टरांना सांगणं गरजेचं असतं.

चेन्नईत शिकलेला डॉक्टर आणि एक साधा आरसा

या विषयातलं सगळ्यात गाजलेलं नाव भारतीय आहे. व्ही. एस. रामचंद्रन यांनी चेन्नईच्या स्टॅनली मेडिकल कॉलेजमधून वैद्यकीय शिक्षण घेतलं आणि पुढे ते अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो कॅम्पसमध्ये संशोधन करू लागले.

१९९० च्या दशकात त्यांनी हात गमावलेल्या रुग्णांच्या गालाला कापसाच्या बोळ्यानं स्पर्श केला. काही रुग्ण म्हणाले, स्पर्श गालाला होतोय आणि माझ्या नसलेल्या अंगठ्यालाही. चेहऱ्याच्या भागानं शेजारच्या हाताच्या रिकाम्या जागेवर अतिक्रमण केलं असावं, असा निष्कर्ष रामचंद्रन यांनी काढला.

मग त्यांनी एक खोका तयार केला. मधोमध उभा आरसा. रुग्णानं चांगला हात आरशासमोर ठेवायचा आणि आरशात बघायचं. प्रतिबिंब अशा जागी दिसतं की गेलेला हातच परत आलाय असं वाटतं. चांगल्या हाताची मूठ उघडली की आरशातला हातही मूठ उघडतो. वर्षानुवर्षं आवळलेली ती 'फँटम' मूठ सुटल्याचं काही रुग्णांना पहिल्यांदाच जाणवलं. यालाच 'मिरर थेरपी' म्हणतात.

२००७ मध्ये अमेरिकेतल्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात पाय गमावलेल्या १८ जणांवर याची चाचणी झाली. रोज १५ मिनिटं आरशासमोर व्यायाम करणाऱ्या सहाही जणांच्या वेदना चार आठवड्यांत कमी झाल्या. हा अभ्यास लहान होता आणि नंतरच्या अभ्यासांचे निकाल संमिश्र आहेत. सगळ्यांना गुण येतोच असं नाही. पण खर्च जवळपास शून्य आणि धोका फारसा नाही, म्हणून फिजिओथेरपिस्ट आजही आरसा वापरून बघायला सांगतात.

पण मेंदूचा नकाशा खरंच बदलतो का?

इथे विज्ञानात मोठा वाद आहे. हाताचा भाग रिकामा झाला की शेजारचा भाग तो बळकावतो, हे अनेक वर्षं पाठ्यपुस्तकांत शिकवलं गेलं. ब्रिटनमधल्या संशोधक तमार माकिन यांच्या गटानं २०१३ मध्ये वेगळंच दाखवलं. ज्यांना वेदना जास्त, त्यांच्या मेंदूत गेलेल्या हाताचा नकाशा उलट जास्त शाबूत होता.

२०२५ मध्ये याच गटासह काही संशोधकांचा आणखी एक अभ्यास आला. त्यात तिघांच्या मेंदूचं स्कॅन हात कापण्याच्या आधी आणि नंतरही काढलं होतं. हाताचा नकाशा जवळपास जसाच्या तसा होता.

याचा अर्थ काय? नकाशा पुसला जात नसेल, तर फक्त नकाशा 'दुरुस्त' करण्यावर भर देणारे उपचार अपुरे ठरू शकतात, आणि कापलेल्या नसांकडे जास्त लक्ष द्यावं लागेल. पण यात एक चांगली बातमीही आहे. हाताचा नकाशा टिकून असेल, तर मेंदूच्या आज्ञेवर चालणारा कृत्रिम हात बनवणं सोपं होऊ शकतं.

वेदनांवर उपाय काय आहेत?

साध्या वेदनाशामक गोळ्यांचा या दुखण्यावर फारसा परिणाम होत नाही, कारण हे दुखणं नसांचं आहे. म्हणून डॉक्टर गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन किंवा अमिट्रिप्टिलिनसारखी औषधं देतात. यातली काही औषधं मूळची फिट्स किंवा नैराश्यासाठी आहेत. त्यामुळे चिठ्ठी वाचून रुग्ण गोंधळतात आणि गोळ्या बंद करतात. तसं करू नये, आणि ही औषधं स्वतःच्या मनानं सुरूही करू नयेत.

शस्त्रक्रियेआधी वेदना जास्त असतील, तर नंतर फँटम पेनचा धोका वाढतो. म्हणून आधीपासून वेदना आटोक्यात ठेवण्यावर डॉक्टर भर देतात.

अलीकडे शस्त्रक्रियेतही बदल झालाय. पूर्वी नस कापून तशीच सोडून दिली जायची. आता काही केंद्रांत ती जवळच्या स्नायूच्या नसेला जोडतात. याला 'टार्गेटेड मसल रीइनर्व्हेशन' म्हणतात. नसेला नवं काम मिळालं की ती गाठी कमी धरते आणि वेदनाही कमी होऊ शकतात.

कृत्रिम पाय: ३००० वर्षांचा प्रवास

इजिप्तमध्ये लक्सरजवळ एका ममीच्या पायाला लाकूड आणि चामड्याचा अंगठा सापडला. तो जवळपास ३००० वर्षं जुना आहे. आपल्याकडे ऋग्वेदात विश्पलेला अश्विनीकुमारांनी लोखंडी पाय दिल्याचा उल्लेख येतो.

आधुनिक भारतातली सगळ्यात मोठी झेप मात्र जयपूरमध्ये घेतली गेली. १९६० च्या दशकात परदेशी बनावटीचे कृत्रिम पाय भारतात मिळत होते. पण ते बुटात घालायचे पाय होते. त्यावर उकिडवं बसता येत नव्हतं, मांडी घालता येत नव्हती, चिखलात चालता येत नव्हतं. शेतकऱ्याला त्याचा उपयोग काय? अनेक जण तो पाय कोपऱ्यात ठेवून पुन्हा कुबड्या घ्यायचे.

सवाई मानसिंह रुग्णालयातले अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. पी. के. सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी मिळून १९६८ मध्ये यावर तोडगा काढला. ट्रकच्या टायरवर रबर चढवताना बघून रामचंद्र यांना रबरी पायाची कल्पना सुचली, असं सांगितलं जातं. रबर आणि लाकडाचा हा पाय सगळ्या बाजूंना वाकायचा, पाण्यात चालायचा आणि अनवाणी वापरता यायचा. रंगही भारतीय त्वचेसारखा. हाच 'जयपूर फूट'. डॉ. सेठींना १९८१ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९७५ मध्ये डी. आर. मेहता यांनी स्थापन केलेली भगवान महावीर विकलांग सहायता समिती हा पाय रुग्णांना मोफत बसवते.

जयपूर फूट घराघरात पोहोचला तो सुधा चंद्रन यांच्यामुळे. मुंबईत वाढलेल्या या नृत्यांगनेचा १९८१ मध्ये तमिळनाडूत बस अपघात झाला, गँगरीनमुळे उजवा पाय कापावा लागला, आणि काही वर्षांत त्या जयपूर फूट लावून पुन्हा भरतनाट्यम करू लागल्या. 'मयूरी' आणि 'नाचे मयूरी' हे चित्रपट त्यांच्याच आयुष्यावर आहेत.

महाराष्ट्रातही जुनी केंद्रं आहेत. पुण्यात दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांसाठी १९४४ मध्ये लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र सुरू झालं. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे.

आजचे 'स्मार्ट' हात-पाय कसे चालतात?

- मायक्रोप्रोसेसर गुडघा: सेन्सर चालीचा वेग आणि कोन मोजतात आणि चिप गुडघ्याचा ताठपणा क्षणोक्षणी बदलते. उतारावर पाय अचानक दुमडून पडण्याचा धोका कमी होतो. १९९७ मध्ये आलेला सी-लेग हा यातला गाजलेला गुडघा.
- मायोइलेक्ट्रिक हात: स्नायू आवळला की त्वचेवर सूक्ष्म विद्युत संदेश उमटतात. सेन्सर ते ओळखतात आणि मोटर बोटं मिटते.
- कार्बन फायबर ब्लेड: धावताना स्प्रिंगसारखी ऊर्जा साठवून परत देतं. यात बॅटरी नसते.
- ऑसिओइंटिग्रेशन: टायटॅनियमचा खिळा थेट हाडात बसवून त्याला कृत्रिम पाय जोडतात. स्वीडनमध्ये १९९० मध्ये मांडीच्या हाडासाठी हे सुरू झालं. सॉकेट घासण्याचा त्रास जातो, पण जंतुसंसर्गाचा धोका राहतो.

पुढची पायरी आहे मज्जासंस्थेशी थेट संवाद. एमआयटीचे ह्यू हेर यांचे दोन्ही पाय १९८२ मध्ये गिर्यारोहण करताना हिमदंशानं गेले होते. त्यांच्या गटानं २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. उरलेल्या पायातले एकमेकांविरुद्ध काम करणारे स्नायू शस्त्रक्रियेनं पुन्हा जोडले, तर पाय कुठे आहे याची जाणीव परत येते. अशी शस्त्रक्रिया झालेले ७ जण बायोनिक पायानं इतरांपेक्षा सुमारे ४१ टक्के जास्त वेगानं चालू शकले.

प्रत्यारोपण हाही एक पर्याय आहे. भारतात पहिलं दोन्ही हातांचं प्रत्यारोपण २०१५ मध्ये कोचीत झालं. पण त्यासाठी दात्याचा हात मिळावा लागतो आणि शरीरानं तो नाकारू नये म्हणून आयुष्यभर औषधं घ्यावी लागतात.

मग इतके कृत्रिम हात-पाय कपाटात का पडून राहतात?

कारण यंत्रापेक्षा सॉकेट महत्त्वाचं असतं. स्टंप ज्या कपासारख्या भागात बसतो, ते सॉकेट. ते सैल असेल तर पाय निसटतो, घट्ट असेल तर फोड येतात. शस्त्रक्रियेनंतर काही महिने स्टंपची सूज उतरत राहते आणि त्याचा आकार बदलतो. म्हणून पहिला पाय अनेकदा तात्पुरता असतो. मुलांचं तर हाड वाढत असतं, त्यांना पुन्हा पुन्हा नवं सॉकेट लागतं.

शिबिरात पाय मिळतो, फोटो निघतो. पण दोन महिन्यांनी सॉकेट टोचायला लागलं, तर जायचं कुठे? जवळचं केंद्र शंभर किलोमीटरवर असेल, जायचं म्हणजे रोजंदारी बुडणार असेल, तर तो पाय कपाटात जातो. महागड्या हातांचंही तेच. वजन जास्त, बॅटरी रोज चार्ज करायची, बिघडला तर सुटे भाग मिळत नाहीत.

म्हणून पाय घेताना हे प्रश्न नक्की विचारा:

- सॉकेट बदलायचं झालं तर कुठे आणि किती खर्चात?
- चालण्याचं प्रशिक्षण किती दिवस मिळेल?
- दुरुस्ती कोण करेल?
- माझं काम शेतात, पाण्यात किंवा जिन्यावर असेल, तर हा पाय चालेल का?

सरकारी मदत कशी मिळते?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार किमान ४० टक्के दिव्यांगत्व प्रमाणित झालं तर अनेक सवलती लागू होतात. त्यासाठी यूडीआयडी कार्ड काढावं लागतं. केंद्राच्या एडीआयपी योजनेतून उत्पन्नाच्या अटींवर कृत्रिम अवयव मोफत किंवा सवलतीत मिळतात. चौकशी जिल्हा रुग्णालयात किंवा समाजकल्याण कार्यालयात करता येते.

थोडक्यात

अवयव कापल्यानंतर शस्त्रक्रियेची जखम काही आठवड्यांत भरते. पण वेदना आटोक्यात आणणं, स्टंपची काळजी, योग्य सॉकेट, चालण्याचा सराव आणि मनाला उभारी, ही कामं त्यानंतर सुरू होतात. नसलेल्या पायात दुखतंय असं घरात कुणी सांगत असेल, तर ते ऐकून घ्या आणि पुढच्या तपासणीत डॉक्टरांना स्पष्ट सांगा. या दुखण्याला नाव आहे आणि त्यावर उपचारही आहेत.